रंगून एक तास पुढं

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर रिकामं होतं. मोंढा बंद, दुकानं बंद, गल्ल्यांत फक्त ऊन आणि कुत्री. ज्यांना शेत आहे ते शेतात जातात, ज्यांना नाही ते कुणाच्या तरी शेतात. आमच्या ह्यांच्या चुलतभावाचं रान औशाकडं आहे, तिथं आम्ही दरवर्षी जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले दगड, मडक्यात आंबील, पानावर भज्जी आणि उंडे. जेवण झालं की बायका हरभऱ्याचे डहाळे उपटायला निघतात. मी तुरीत जाते.

पहिल्या वर्षी जाऊबाई म्हणाल्या होत्या, "तुरीत काय ठिवलंय तुमचं?" आता कुणी विचारत नाही. तुरीत काहीच ठेवलेलं नसतं. शेंगा वाळत आलेल्या असतात, अंग घासलं की खुळखुळतात. एक शेंग फोडायची, दाणा दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. कट् वाजला तर वाळला. दबला तर अजून पाणी आहे. हे मला शेतानं नाही शिकवलं, ऑफिसानं शिकवलं.

मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या, एका दलालाच्या ऑफिसात मी कामाला आहे. दलाल म्हणजे युसुफभाई. मूळ नांदेडचे, वडिलांच्या वेळेपासून लातुरात. आमच्याकडं माल नसतो, गोदाम नसतं; एक खोली, दोन टेबलं, नमुन्यांच्या पिशव्या आणि फोन. लातूरच्या दाळमिलांना तूर लागते. आपल्याकडची चार महिने पुरते, मग बाहेरची आणावी लागते. बाहेर कुठं किती आहे, कुठलं जहाज कधी निघणार, कोण काय भाव म्हणतो, हे मिलवाल्यांना सांगायचं आणि त्यांचं म्हणणं तिकडं कळवायचं. माझं काम एवढंच. देगलूरला माहेर, नांदेडला कॉलेज, त्यामुळं हिंदी बरी होती आणि इंग्रजी वाचता येत होतं. युसुफभाईंना तेवढं पुरलं.

त्यांच्या वडिलांच्या काळी बाहेर म्हणजे हैदराबाद. मग बाहेर म्हणजे मुंबई झाली. ट्रंक कॉल लावून ते अर्धा दिवस बसून राहायचे म्हणे. मी लागले तेव्हा बाहेर म्हणजे रंगून होतं. नकाशात नाव बदललेलं असलं तरी मोंढ्यात रंगूनच म्हणतात. तिथली तूर बारीक, पिवळट, तिला लेमन म्हणतात. लातूरला माल येतो तो समुद्रावरून मुंबईला आणि तिथून ट्रकनं, पण बोलणं थेट. रोज सकाळी साडेनऊला मी माझ्या मोबाइलवरून फोन लावायची. रंगून आपल्या एक तास पुढं आहे. इथं मी टेबल पुसत असायची तेव्हा तिथं कामाचा दिवस चांगला चढलेला असायचा.

पलीकडं एक बाई असायची. तिचं ऑफिसातलं नाव मा खिन. हिंदी तुटक, पण आकडे स्पष्ट. सुरुवातीची दोन वर्षं आमच्यात भाव आणि जहाजं सोडून शब्द झाला नाही. मग एक दिवस ती कागदावरचे आकडे जुळवत असताना पुटपुटली, "मुप्पै... मुप्पै आरु..." आणि मला हिंदीत म्हणाली, "मॅडम, एक मिनट."

मुप्पै आरु म्हणजे छत्तीस. माणूस कुठल्याही देशात गेलं तरी मोजतं आपल्या भाषेत. देगलूरला आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणारी घरं होती, मी त्या अंगणांत वाढले. मी तेलुगूत विचारलं, "तुला तेलुगू येते?"

पलीकडं कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अक्का, मी पद्मा."

तिचे पणजोबा समुद्रकाठच्या आंध्रातून बोटीनं रंगूनला हमालीला गेले होते. परत कुणी आलं नाही. घरात तेलुगू राहिली, तीही आता म्हाताऱ्यांपुरती. मुलगी बर्मीच बोलते, असं तिनं सांगितलं. तिची तेलुगू जुनी आणि लांब स्वरांची, माझी तेलंगणाच्या काठची, तुटकी. ती 'तिन्नावा' म्हणायची, मी 'तिन्नवा'. अर्थ एकच, जेवलीस का. तुरीला मात्र दोघी कंदुलुच म्हणायचो. कामाचं बोलणं झालं की शेवटी दोन मिनटं हे. युसुफभाई समोर बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "बाई, कोनती जुबान बोलून राहिल्या तुम्ही?"

"तेलुगू."

"रंगूनशी तेलुगू!" ते हसले. "बोला, बोला. बिल त्येच."

मी तिला कधी पाहिलं नाही. फोटो मागायचं सुचलं नाही, तिलाही नाही. माझ्यासाठी रंगून म्हणजे तिच्या मागून येणारे आवाज. कावळे, खूप कावळे. जनरेटर. सायकलरिक्षाची घंटी. पावसाळ्यात पत्र्यावर धो धो, तेव्हा ती ओरडून भाव सांगायची. मोठं शहर कसं दिसतं हे मला फारसं माहीत नाही, मुंबईसुद्धा मी दोनदाच पाहिली आहे. पण रंगूनचा कावळा मी लातूरच्या कावळ्यापासून वेगळा ओळखला असता.

तो सीझन आठवतो तो असा. तोंडाला फडकी बांधायचे दिवस अजून संपले नव्हते. तूर चांगली आली होती. मोंढ्यात सकाळपासून ट्रॅक्टर, आणि चाळण्यांतून उडालेली पिवळी धूळ पापण्यांवर बसायची. मिलांकडून भाजल्यासारखा वास यायचा, टरफलाचा, जरा तेलाचा. संक्रांत झाली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पद्मा म्हणाली, "अक्का, तुमच्या कंपनीचं एक पत्र पाहिजे."

"कसलं?"

"आमंत्रणाचं. लातूरच्या मिला बघायला या म्हणून. माझ्या नावानं, आणि माझ्या मुलीच्या. पत्र असलं की व्हिसा मिळतो."

मला आनंदच झाला. म्हटलं, "ये की! आता ये, हवा छान आहे."

ती म्हणाली, "इथं हवा चांगली नाही."

मी खरंच हवाच समजले. तेलुगूत ती 'गाली' म्हणाली होती, गाली म्हणजे वारा, हवा. मला वाटलं धूर असेल, उकाडा असेल. मी तिला आमच्या थंडीचं सांगत बसले. तिनं ऐकून घेतलं.

युसुफभाईंना सांगितलं. ते चांगले आहेत, नाही म्हणणारे नाहीत. म्हणाले, "देऊ की, बाई. पण आत्ता सीझन हाय. पावने बोलवायचे तर नीट बोलवावं, मिलवाल्यांना सांगावं लागंल, ऱ्हायाची सोय करावी लागंल. मार्च होऊ द्या."

मी पद्माला सांगितलं, सीझननंतर. ती "सरे" म्हणाली. सरे म्हणजे बरं.

आठवड्यानं तिनं पुन्हा विचारलं, "अक्का, लेटर?"

"होईल गं. भाईंनी हो म्हटलंय."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. भाव सांगितले, जहाजाचं नाव सांगितलं, जेवलीस का विचारलं. लेटरहेड माझ्याच खणात होतं, शिक्काही माझ्याच खणात. भाईंच्या सह्या मी दहा कागदांवर रोज घ्यायची, ते वाचतही नसत. दहा मिनटांचं काम होतं. मी तेव्हा असा विचार केला नाही. तेव्हा मी काही विचारच केला नाही, हेच खरं.

मग एका सोमवारी साडेनऊला फोन लावला आणि लागला नाही. पुन्हा लावला. तिच्या ऑफिसचे तिन्ही नंबर, तिचा मोबाइल. एक नंबर पूर्ण मुका होता, बाकीच्यांवर एकच बाई बर्मीत काहीतरी सांगायची आणि बंद व्हायची. अकराच्या सुमारास शेजारच्या आडतवाल्यानं डोकं आत घालून विचारलं, "भाई, रंगूनचं ऐकलं का? लष्करानं राज्य घेतलं म्हणं."

दुपारपर्यंत आमची खोली भरली. मिलवाले, त्यांचे मुनीम, इतर दलाल. सगळे एकच विचारत होते. जहाज निघालं का? बंदर चालू हाय का? ठरलेला माल येणार का न्हाई? स्थानिक तूर त्याच दिवशी चढली. युसुफभाई मला म्हणाले, "बाई, लावत ऱ्हावा." मी लावत राहिले. मुंबईला लावला, चेन्नईला लावला, सिंगापूरच्या एका ऑफिसला लावला. सगळ्यांना मी हेच विचारलं, जहाज निघालं का. माझ्या तोंडात तेवढेच शब्द होते. तिथं एक बाई आहे, तिला मुलगी आहे, हे कुणाला कसं विचारायचं? चेन्नईचा माणूस त्या बाईला ओळखत होता की नाही हेही मला माहीत नव्हतं.

आठवड्यानं एका संध्याकाळी घरी आले. भाकरी टाकली. हे टीव्हीवर तिकडचंच बघत होते, रस्त्यात लोक, हातात ताटं आणि पळ्या, बडवत निघालेले. हे म्हणाले, "तुमचं रंगूनच की हे."

मी म्हटलं, "तिथं माझी एक मैत्रीण आहे."

"मैत्रीण? ऑफिसातली ना ती?"

"हो. ऑफिसातली."

एवढंच बोलणं झालं. ह्यांचं चुकलं नाही. मी त्या गर्दीत तिला शोधायला लागले आणि लक्षात आलं की ती समोर आली तरी मला ओळखता येणार नाही. हे टीव्हीचा आवाज बंद करून बघत होते ना.

त्या सोमवारनंतर सतरा-अठरा दिवसांनी साडेअकराला फोन वाजला. नंबर दुबईचा. एक माणूस गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, रंगून का डेस्क अब यहाँ से चलेगा. मेरा नंबर सेव कर लीजिए. माल चालू है, जहाज परसों निकलेगा."

मी जहाजाचं नाव लिहून घेतलं. दिवस लिहून घेतला. मग विचारलं, "वहाँ मा खिन थीं..."

"कौन?"

"मा खिन. फोन पे रहती थीं."

"स्टाफ का पता नहीं, मॅडम. वहाँ ऑफिस बंद है. सेठजी इधर आ गए हैं." मग, अगदी सभ्यपणे, "और कुछ माल के बारे में?"

"नहीं," मी म्हणाले.

तो माल आला. मुंबईला उतरला, ट्रकनं लातूरला आला, नमुना माझ्या टेबलावर आला. मी पिशवी उघडली. तीच तूर, तोच रंग, तोच ओलसर गोणपाटाचा वास. दाणा दाढेखाली धरला. कट्. मी मिलवाल्याला फोन करून सांगितलं, माल बरोबर आहे. आणि माल बरोबरच होता. माझी अपेक्षा होती की त्या क्षणी काहीतरी होईल, डोळ्यांत पाणी येईल, निदान घास अडकेल. काही झालं नाही. दाढ बधिर केल्यावर आपणच आपला गाल चावतो आणि कळत नाही, तसं होतं सगळं.

तिचा मोबाइल मी रोज लावायची. मग आठवड्याला. मग सणावाराला. मग कधी बंद केलं ते आठवत नाही.

आमच्या कामाची वेळच बदलली. दुबई आपल्या दीड तास मागं आहे. सकाळी साडेनऊला फोन लावून उपयोग नव्हता, तिथं तेव्हा कुणी आलेलं नसायचं. मी सकाळी टेबल पुसून बसून राहायची. मग दोन वर्षांत युसुफभाईंनी आफ्रिकेची तूर धरली. दार-ए-सलामला जाऊन आले, आल्यावर कौतुकानं सांगत होते, "बाई, तिथं हिंदी चालती की! आपल्याच लोकांची दुकानं. नुस्तं समुद्र आन् आपली भाषा." ते शहर तर आपल्या अडीच तास मागं. आता आमचा दिवस दुपारी सुरू होतो. दुपारचा डबा मी साडेबाराला खायची तो अकराला खाते, कारण नंतर सवड नसते. युसुफभाई जोहरची, दुपारची नमाज पढून येतात आणि मग निरोप यायला लागतात. बोलणं कमी झालंय, मोबाइलवर लिहिलेलंच येतं. भाव, जहाज, तारीख, होकाराचा अंगठा. कुणी बोललंच तर दुबईच्या आवाजामागं एसीची घरघर असते, दुसरं काही नाही. खिडक्या उघडतच नसतील.

लोक म्हणतात जग जवळ आलं. असेल. मला एवढंच दिसलं की एका खोलीतल्या बाईची जेवायची वेळ तीन समुद्रांनी बदलली, आणि ज्या शहराशी ती रोज बोलत होती तिथं आता कोण राहतं हे तिला माहीत नाही. लातूर तिथंच आहे. मिला तिथंच आहेत. पोतं तेच, वरचा छापा तेवढा बदलतो. एखाद्या घरातलं माणूस गेलं तर तेरा दिवस पाळतात. शहर सुटलं तर किती दिवस पाळायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

यंदाच्या येळवशीला मी तुरीत उभी होते आणि फोन वाजला. नंबर परका होता. मला वाटलं एखादा नवा माल विकणारा. उचलला.

"अक्का, मी पद्मा."

मी खाली बसले. तुरीच्या ओळीत, ढेकळांवर. म्हटलं, "कुठून बोलतेस?"

"क्वालालंपूर."

मागं भांडी आपटत होती, पाणी वाहत होतं. तिथल्या एका हॉटेलात ती भटारखान्यात काम करते. मुलगी थायलंडच्या सीमेवरच्या गावात कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. हे सगळं तिनं जुन्या सवयीनं सांगितलं, भाव सांगायची तसं, एकामागं एक, स्पष्ट. मुलीला जाऊन भेटता येत नाही, कागद नाहीत. रंगून सोडून किती दिवस झाले ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"माझा नंबर कसा राहिला तुझ्याकडं?"

"पाठ होता. रोज दिसायचा ना."

"मग इतकी वर्षं लावला का नाहीस?"

ती म्हणाली, "काय बोलणार होते, अक्का? माझ्याकडं भाव नव्हता."

पूर्वी भाव सांगून झाल्यावरच्या दोन मिनटांत आमचं सगळं मावायचं. आता ते आधीचं बोलणंच नव्हतं आणि दोन मिनटं एकटीच उभी होती. लांबून जाऊबाई हाका मारत होत्या, कुणीतरी मुलं हुंदडत होती. मी म्हणाले, "पद्मा, ते पत्र मी लिहिलंच नाही. राहून गेलं असं नाही. लिहायलाच बसले नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, राग नाही, समजूत घालणंही नाही. "चार ठिकाणी मागितलं होतं. चेन्नई, सिंगापूर, मुंबई आणि तू. चौघंही म्हणाले सीझननंतर. सगळ्यांचा सीझन एकच होता."

मग तिला कुणीतरी हाक मारली, मलय की तमिळ, कळलं नाही. ती म्हणाली, "जाते." मी "सरे" म्हणाले. फोन ठेवल्यावर मी तिथंच बसून राहिले. पायाला मुंग्या आल्या तेव्हा उठले. बायकांत जाऊन हरभरे सोलले. जाऊबाईंनी विचारलं कुणाचा फोन, मी सांगितलं ओळखीच्यांचा. संध्याकाळी लातुरात आलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात युसुफभाई नमाज पढून आले, टोपी घडी करून खिशात ठेवली, पाणी प्यायले. मी म्हणाले, "भाई, काल रंगूनच्या बाईचा फोन आला होता."

"कोनती बाई?"

"मा खिन. तिला आपल्याकडून पत्र पाहिजे होतं. तुम्ही मार्च म्हणाला होता."

ते आठवायला लागले. खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, छताकडं बघत. आठवलं नाही. मी सगळं सांगितलं, हवा, मुलगी, दहा मिनटांचं काम, भटारखाना. ते ऐकून बराच वेळ टेबलावरच्या दाण्यांवरून बोट फिरवत राहिले. मग खुर्ची माझ्याकडं वळवून, मनापासून, जसं काही दार अजून उघडंच आहे तसं म्हणाले, "तवा लई चुकलं, बाई. आता लिहून देऊ का? आत्ता देतो, टाइप करा."

मी खण उघडला. लेटरहेड वरच होतं. कोरा कागद समोर घेतला आणि वरती कुठल्या कंपनीच्या, कुठल्या हुद्द्यावरच्या बाईला आपण बोलावतो आहोत ते लिहायची जागा आली. तिथं हात थांबला.

"भाई," मी म्हणाले, "ती आता तुरीत नाही."